तीस राजे आणि चिंगी

तिसरीच्या वर्गाकडून मी राजदंड करून घेतले. पुठ्ठ्याची नळी, सोनेरी कागद, टोकाला चेंडू. नमुना म्हणून एक मीही केला. गोंद सगळ्यांना पुरावा म्हणून त्यात पाणी घातलं, एवढंच काय ते चुकलं.

बघता बघता तीस राजे बाकांवर चढून हुकूम सोडायला लागले. प्रजा मात्र एकच: नळी घरी विसरून नुसती गोंदाची बाटली घेऊन आलेली चिंगी.

"चिंगे, पाणी आण!"

"चिंगे, वारा घाल!"

तेवढ्यात एका महाराजांचा चेंडू टपकन पडला. मग दुसऱ्यांचा. मग धडाधड सगळ्यांचेच.

चिंगीने दप्तरातून आपली बाटली काढली.



"ढकलाढकली नको, महाराज! रांगेत या... आणि बाई, तुम्हीसुद्धा."