छतावरचा रस्ता

उद्या आमचं प्रदर्शन होतं आणि फोटो छापण्याइतका अंधार घरात सासूबाईंच्या खोलीतच होऊ शकत होता. पाय गेल्यापासून त्या तिथेच पडून असत. "करा अंधार, मला कुठे वाचायचंय," म्हणाल्या. मी खिडकीवर काळा कागद चिकटवला, नवऱ्याने दिवा मालवला आणि तो करवादला, "कात्रीने भोक पाडलंस. तेवढ्या उजेडानेही फोटो काळे पडतील." तो चिकटपट्टी चाचपत असताना सासूबाई पुटपुटल्या, "छतावर कोण चालतंय?" वर पाहिलं. त्या भोकातून खालचा अख्खा रस्ता छतावर उमटला होता. रंगीत, उलटा, हलता. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभे राहिलेले आम्ही दोघं आज कॅमेऱ्याच्या पोटात उभे होतो. "ती बघ शिंपीण," सासूबाई म्हणाल्या, "अजून तशीच फेंगडी चालते." त्यांनी छताकडे हात हलवला. नवऱ्याने सापडलेली चिकटपट्टी खिशात टाकली. "आई, जागा दे जरा," म्हणाला.