अंड्याच्या टरफलांवर

शेवगावातल्या बायकांच्या इंग्लिश क्लासात राजेश्वरी मॅडमनी फळ्यावर त्या दिवसाचा वाक्प्रचार लिहिला, 'वॉकिंग ऑन एगशेल्स'. "म्हणजे अंड्याच्या टरफलांवरून चालणं. समोरचा माणूस कधी भडकेल याचा नेम नसतो, म्हणून जीव मुठीत धरून वागणं. उदाहरण कोण देतंय?"

सत्यशीला उठली. ओठाचे टाके ओढत होते, पण उत्तर द्यायची हौस दांडगी.

"मॅडम, आमचे मालक घरी आले का मी आधी गाडीचा आवाज ऐकते. डबल स्टँडला लावली तर गपगुमान भाकरी थापायची. साईड स्टँडवर आदळली तर लाटनं, विळी, कुकरचं झाकन, हाती घावंल ते समदं लपवायचं. परवा झाकन तेवढं लपवायचं राह्यलं. त्यानंच व्हट फोडला."

वर्गात कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या भागूबाईंनी नुसती मान हलवली.

मॅडम फळ्याकडं वळल्या. खडू टेकवला, पण लिहिलं काहीच नाही. पाठमोऱ्याच, हळू आवाजात म्हणाल्या,



"आणि ताई, आमच्या ह्यांनी गाडी दारात आडवीच टाकली, तर पोरीला घेऊन कुठं लपायचं?"