काविळीचा पाला

भांडुपच्या आमच्या चाळीतल्या नलिनीकाकी चाळीस वर्षं काविळीचं औषध फुकट द्यायच्या. मागच्या टेकडीवरचा पाला स्वतः खुडून, वाटून. झाडाचं नाव सांगितलं की गुण जातो, म्हणायच्या. मीही दोनदा विचारून शिव्या खाल्ल्या.

यंदा टॉवरसाठी टेकडी सपाट झाली आणि नेमकी त्यांच्या नातीलाच कावीळ झाली. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण उतार पडेना.

"आये, आता तरी नाव सांग गं," केतन, त्यांचा मुलगा, रडकुंडीला आला. "कुठूनही मागवतो."

काकींनी नातीची पापणी ओढून पिवळा डोळा पाहिला.



"माझ्या आयेन ह्याच टेकडीर नेऊन झाड दाखवल्यान रे. नाव माका तरी खंय सांगल्यान?"