काळी पट्टी

या मंडळी, अंमळ जवळ सरका. घाटातली गोष्ट सांगतो.

डॉक्टर कोठावळ्यांनी आयुष्य वेचून जिल्हाभर अपघात-पथकं उभारली. वाचू शकेल त्या जखमीला लाल पट्टी, आशा नसलेल्याला काळी, हा त्यांचाच धडा. काळीपाशी थांबायचं नाही.

त्या दुपारी बस उलटली. चालकाची नाडी लागेना. डॉक्टरांनी काळी पट्टी उचलली, तोच एका बाईच्या गार हातानं त्यांचं मनगट धरलं.

“नका बांधू, दादा. मला बांधलीत, तेव्हा सगळं ऐकू येत होतं.”

डॉक्टरांनी वळून तिचा चेहरा पाहिला. तीस वर्षांपूर्वी याच घाटात त्यांनी काळी बांधून सोडलेली, इथंच प्राण गेलेली सगुणा!

लाल पट्टी बांधत ते ओरडले, “याला आधी उचला रे!”

आठवड्यानं चालक उठून बसला, म्हणाला, “डॉक्टर, दवाखान्याच्या गाडीत माझा हात धरून बसलेल्या ताई कुठायत?”

बाबांनो, घाट चढताना विठ्ठलाचं नाव घ्याल, तेव्हा मागोमाग सगुणेचंही घ्या.