अटींची फाइल

रत्नपाल सरांनी मराठी टायपिंगचा प्रोग्राम लिहून कोडसकट फुकट वाटला. सोबतच्या फाइलमध्ये त्यांचं नाव होतं आणि एकच अट: बदल करा, पुढं द्या, फक्त ही फाइल काढू नका. एका कंपनीनं तोच प्रोग्राम आपल्या नावानं विकला आणि सरांनाच चोरीची नोटीस धाडली. वकील म्हणाले, "तुमच्या प्रतीत नाव केव्हाही घालता येतं. दुसऱ्या कुणाकडची जुनी प्रत आणा." सरांनी गोरेगावात शिवहार या जुन्या विद्यार्थ्याचं दुकान गाठलं. शिवहारनं जपलेली फ्लॉपी दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये घातली. प्रोग्राम उघडला, फाइल नव्हती. "ती कुठंय रे?" "फ्लॉपीत सगळं मावत नव्हतं सर, म्हणून आमी वर्गातल्या सगळ्यांनीच काढली." "वाचली तरी होती?" "न्हाई. तुमी फुकट देऊन राहिले, त्यात वाचायचं काय?" फ्लॉपी परत देत सर म्हणाले, "माझं नाव नसलेली ही प्रत आता कुणाला देऊ नको."