बुटांच्या नाड्या

सकाळी सहा वाजता पहारेकऱ्यांनी कोठडीत दुसरा कैदी ढकलला. आत असलेल्या, विमानाच्या शेपटीतली बंदूक चालवणाऱ्या गनरने त्याला ओळखलं. शत्रूने पाडलेल्या त्यांच्या बॉम्बफेकी विमानाचा हा कप्तान. "काय रे शेपूट, जिवंत आहेस होय?" कप्तानाने मिठीच मारली. जळतं विमान यानेच सावरून धरलं, म्हणून सगळ्यांना हवाई छत्र्या घेऊन उड्या मारता आल्या. गनरचे डोळे भरून आले. मग त्याचं लक्ष कप्तानाच्या बुटांकडे गेलं. नाड्या जागच्या जागी होत्या. इथे प्रत्येक कैद्याच्या नाड्या फाटकातच काढून घेत. "आपला नकाशेवाला कुठे उतरला रे? शेपटीत मागे तोंड करून बसायचास, तुलाच दिसलं असणार." पाय मोडलेल्या नकाशेवाल्याला गनरनेच पाणचक्कीत लपवलं होतं. "छत्री उघडलीच नाही, कप्तान. गेला बिचारा." कप्तान ढसाढसा रडला. मग उठून त्याने दार हलकेच वाजवलं. पहारेकऱ्याने काही न विचारता उघडलं.