पिवळ्या टोप्या

शिट्टी वाजली आणि आकाशपाळण्याच्या रांगेत एकटी उभी असलेली पिवळ्या टोपीवाली आजी ओरडली, "या गं सगळ्या, जागा धरलीय!" लगेच महिला मंडळाच्या तीसेक पिवळ्या टोप्या दोरीखालून वाकून आत घुसल्या.

थीम पार्कच्या उन्हात तासभर ताटकळलेल्या मंजिरीचं डोकं फिरलं. "या वयात इथे कशाला कडमडता? घरी नातवंडं सांभाळा की! लाज कशी वाटत नाही?"

खिदळणं एकदम थांबलं. घोळक्यातून एक आवाज आला, "त्यांना पुढे जाऊ द्या गं. लहान मूल आहे सोबत."

आवाज आईचा होता. गेल्याच आठवड्यात आईने फोनवर विचारलं होतं, "मीही येऊ का गं तुमच्याबरोबर?" आणि मंजिरीने "तुला झेपायचं नाही" म्हणून विषय संपवला होता. आता आईने ओळखसुद्धा दाखवली नाही. टोपी कपाळावर ओढून ती पाळण्याकडे बघत राहिली.

बायकांनी वाट करून दिली. मंजिरी मान खाली घालून पुढे सरकली, तोच कडेवरच्या रेवाने हाक मारली, "आजी!"

सगळ्या पिवळ्या टोप्या गर्रकन वळल्या. एक सोडून.